धनी, घरधनी आणि बआल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीत एखाद्या जुन्या घरी दारातून हाक मारली, तर आतून उत्तर येते, "धनी रानात गेल्यात." हे धनी म्हणजे त्या घरातल्या बाईचे यजमान. रानात कामाला आलेला गडीही त्याच माणसाला धनी म्हणतो, पण त्याच्या तोंडी त्याचा अर्थ मालक. बैलाला धनी असतो, विहिरीला असतो, हरवलेल्या छत्रीलाही असतो. नव्या सुना आता "मिस्टर" म्हणतात. जुन्या बायकांच्या बोलण्यात मात्र धनी, मालक आणि कारभारी हे तिन्ही शब्द अजून जिवंत आहेत.

याच गावात रविवारी चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचले जाते. त्यातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा अठरावा अध्याय आला की एक नाव पुन्हापुन्हा कानावर पडते: बआल. खोटा देव, परक्यांची मूर्ती, देवाच्या लोकांना वाट चुकवणारा. पुढे नव्या करारात 'बालजबूल' येतो, तो तर भुतांचा अधिपती. ऐकणाऱ्याच्या मनात त्या नावाची एक काळी आकृती तयार होते.

त्या आकृतीचा आणि रानात गेलेल्या धन्याचा काही संबंध असेल असे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पण हिब्रूत 'बआल' या शब्दाचा साधा अर्थ आहे धनी. मालक तोही बआल आणि नवरा तोही बआल. तीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठची एखादी शेतकरीण आपल्या नवऱ्याविषयी बोलताना जो शब्द वापरत होती, त्याचे नेमके मराठी करायचे तर ते कोडोलीत, वारणा नदीच्या काठी आयते तयार आहे.

कोडोली हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे जुने ठाणे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचे काम प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले, आणि त्यानंतर पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज या भागांत मिशनचा विस्तार झाला. कोडोलीत चर्च, शाळा आणि दवाखाना आला. त्यांच्याबरोबर मराठी शास्त्र आले आणि त्यातून बआल, अशेरा, मोलख, दागोन ही कनानी दैवते पन्हाळ्याच्या पायथ्याशी पोचली. जिथे घरोघर जोतिबाच्या नावाने चांगभले होते त्या मुलखात ही नावे केवळ अक्षरांतून आली. मूर्ती नाही, देऊळ नाही, जत्रा नाही. त्यांची जी ओळख झाली ती त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पुस्तकातूनच झाली.

मराठी भाषांतरकारांपुढे इथे एक पेच होता. श्रीरामपूरहून विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे शास्त्र मराठीत आले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून स्वतंत्र भाषांतर केले. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाला हिब्रूतला 'बआल' दोन ठिकाणी भेटला. निर्गम पुस्तकात मारक्या बैलाच्या बआलाने काय भरपाई द्यावी याचे नियम आहेत. तिथे मराठीत धनी किंवा मालक लिहायचे. 'पहिले राजे'च्या अठराव्या अध्यायातल्या कर्मेल डोंगरावरच्या कथेत तोच शब्द देवाचे नाव आहे, तिथे बआल तसाच ठेवायचा. याला दुसरा इलाज नव्हता. पण त्यामुळे मूळ वाचकाला एकाच शब्दात दिसणारी गोष्ट मराठी वाचकाला दोन वेगळ्या शब्दांत मिळाली, आणि मधला सांधा दिसेनासा झाला.

बआलची स्वतःची बाजू जगाला कळायला १९२८ साल उजाडावे लागले. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे एका शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला. दगडाखाली जुनी कबर निघाली. पुढच्याच वर्षी क्लोद शेफर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली खोदकाम सुरू झाले आणि उगारित हे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उद्ध्वस्त झालेले नगर वर आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बाणाग्र लिपीत, पण अक्षरमालेच्या पद्धतीने, बआलची लांबलचक गाथा कोरलेली होती. ती लिहून काढणाऱ्या इलिमिल्कू या लेखनिकाचे नावही पाटीवर आहे.

या गाथेतला बआल म्हणजे पाऊस. त्याचे खरे नाव हदद, म्हणजे गडगडाट करणारा. बआल ही पदवी, आपल्याकडे देवाला 'स्वामी' म्हणावे तशी. तो ढगांवर स्वार होतो, यम नावाच्या समुद्राशी लढतो (आपल्या यमाशी याचे काही नाते नाही, नुसता उच्चाराचा योगायोग), झाफोन पर्वतावर घर बांधतो. घराला खिडकी ठेवायची की नाही यावर कारागीर देवाशी त्याचा वाद होतो. बआल आधी नको म्हणतो, मग कबूल होतो, आणि खिडकी उघडताच ढग फाटून त्याचा आवाज पृथ्वीवर येतो. पुढे मोत, म्हणजे साक्षात मृत्यू, बआलला गिळतो. नांगरटी सुकतात. बआलची बहीण अनात मोतला कापते, पाखडते, भाजते, दळते आणि शेतात पेरते, धान्याचे करतात तसे सगळे. बआल परत येतो तेव्हा ओढ्यांतून मध वाहतो असे स्वप्न म्हातारा देव एल पाहतो.

हे वाचताना जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळाकडे पाहणारा कुठलाही शेतकरी डोळ्यांपुढे येईल. कनानात नाईल नव्हती, युफ्रेटिस नव्हती. पाऊस पडला तर पीक, नाहीतर उपास. म्हणून पाऊस पाडणारा तोच जमिनीचा धनी ठरला.

आता कर्मेलच्या कथेकडे परत गेले की तिचा रोख कळतो. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात इस्राएलवर अहाब राजा होता. त्याची राणी ईजबेल समुद्रकाठच्या राज्यातून आलेली, आणि तिच्या बापाच्या नावातच बआल होता, एथबाल. एलीया संदेष्ट्याने जाहीर केले की आता पाऊस पडणार नाही. तीन वर्षे दुष्काळ पडला. मग डोंगरावर एका बाजूला बआलचे ४५० संदेष्टे, दुसऱ्या बाजूला एकटा एलीया. आकाशातून अग्नी उतरला तो एलीयाच्या वेदीवर. पण कथा तिथे संपत नाही. शेवटी समुद्रावरून तळहाताएवढा ढग वर येतो आणि धो धो पाऊस कोसळतो. पाऊस कुणाचा, हा खरा झगडा होता. ढगांच्या स्वाराला त्याच्याच मैदानात हरवल्याची ही कथा आहे.

गंमत अशी की बआलला हरवणारा हा एलीया ख्रिस्ती मिशनच्या किती तरी आधी मराठी मुलखात येऊन राहिला होता. कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू लोक, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे शेजारी 'शनवार तेली' म्हणत, ते त्याला एलियाहू हनाबी म्हणतात. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून मलिदा करतात आणि त्याचे नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळे परिसरात एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हनाबीचा रथ तिथे टेकला आणि मग स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. पाऊस आणणारा संदेष्टा कोकणाच्या पावसात आपलासा झाला.

बआल हे नाव सुरुवातीपासून शिवी नव्हते, याचा पुरावा खुद्द शास्त्रात पडून आहे. पहिला राजा शौल याने आपल्या मुलाचे नाव एशबाल ठेवले होते. नातवाचे नाव मरीब्बाल. दावीदाच्या एका मुलाचे नाव बेल्यादा. ही माणसे परक्या देवाची पूजक होती असे मानायला आधार नाही. बहुधा त्यांच्या लेखी इस्राएलचा देव हाच बआल होता, म्हणजे धनी होता. पुढच्या काळातल्या लेखनिकांना हे सहन झाले नाही. 'इतिहास' या पुस्तकात एशबाल हे नाव राहिले, पण 'शमुवेल' या पुस्तकात तेच नाव ईश-बोशेथ झाले. मरीब्बालचा मफीबोशेथ झाला. बोशेथ म्हणजे लाज. बेल्यादा दुसऱ्या जागी एल्यादा झाला. बआल काढला, एल घातला. बखरकाराने एखादे नाव खोडून बाजूला दुसरे लिहावे आणि एक पान तपासायचे राहून जावे, तसे हे आहे. त्या राहून गेलेल्या पानामुळेच आज आपल्याला हे कळते.

होशेय या संदेष्ट्याने तर हा बदल घरातल्या भाषेतच मागितला. इस्राएलला बायकोच्या रूपात कल्पून देव तिला सांगतो की एक दिवस असा येईल, तू मला 'ईशी' म्हणशील, 'बआली' म्हणणार नाहीस. ईशी म्हणजे माझा पुरुष. बआली म्हणजे माझा धनी. धनी या शब्दात मालकी आहे आणि माझा पुरुष यात जवळीक आहे. देवाचे नाव बदलताना नवरा-बायकोच्या नात्यातली ही छटा ज्याच्या लक्षात आली, तो इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला कवी होता. "मालक" पासून "अहो" पर्यंतचा प्रवास पाहिलेल्या मराठी बायकांना होशेयाचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही.

सैतान होण्याचा टप्पा यानंतरचा. अहाबाचा मुलगा अहज्या राजा माडीच्या जाळीतून खाली पडला आणि आपण वाचू का हे विचारायला त्याने पलिष्ट्यांच्या एक्रोन नगरीतल्या बआलजबूबकडे माणसे धाडली. जबूब म्हणजे माशी. माश्यांचा धनी! असले नाव कोणते भक्त आपल्या देवाला देतील? उगारितच्या पाट्यांत बआलला 'जबूल' म्हटले आहे, म्हणजे अधिपती, सरदार. बहुतेक अभ्यासकांचे मत असे की बआलजबूल हेच मूळ नाव, आणि लिहिणाऱ्यांनी एक अक्षर फिरवून त्याच्या माश्या केल्या. नव्या करारात येशूच्या विरोधकांच्या तोंडी हे नाव भुतांच्या अधिपतीचे म्हणून येते. मिल्टनच्या १६६७ च्या महाकाव्यात तो सैतानाचा उजवा हात आहे. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ च्या कादंबरीच्या नावातही तोच माश्यांचा स्वामी आहे.

एलचे नशीब वेगळे निघाले. उगारितमध्ये एल हा पांढऱ्या दाढीचा थोरला देव होता आणि बआल हा तरुण, तडफदार. इस्राएलने एलला आपल्या देवात सामावून घेतले. त्याचे नाव देव या अर्थाचे सामान्यनाम झाले. म्हणून कोडोलीतल्या मुलांची नावे शमुवेल, दानिएल, इम्मानुएल अशी असू शकतात. बेने इस्राएल या मराठी समाजाच्या नावातच एल आहे. अरबीतला इलाह आणि त्यावरून आलेला अल्लाह हे शब्दही याच कुळातले. दोन शेजारी दैवतांपैकी एकाचे नाव कोट्यवधी माणसांच्या प्रार्थनेत गेले आणि दुसऱ्याचे भुताखेतांच्या यादीत.

मोलखचे नाते तर कोल्हापुरी घराशी थेट जुळते. म-ल-क हे सेमिटिक भाषांतले तीन अक्षरांचे मूळ. त्यातून हिब्रूत मेलेख, राजा. एक जुने मत असे आहे की याच अक्षरांत बोशेथचे स्वर मिसळून मोलख हे तिरस्काराचे नाव घडले. त्याच मुळापासून अरबीत मालिक, मुल्क, मलिक झाले, आणि फारसीच्या वाटेने मराठीत मालक, मालकी, मुलूख आले. मलिक अंबरमधला मलिकही तोच. म्हणजे "धनी" म्हणणारी बाई बआलचे भाषांतर बोलते, आणि "मालक" म्हणणारी मोलखच्या सख्ख्या भावंडाचे नाव घेते.

असे फक्त पश्चिम आशियातच घडले असेही नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाभोवती फेरी मारणारा. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो, अशी लोकांची खात्री. पण थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात सैतानासाठी जो शब्द योजला तो देवचारच, आणि ख्रिस्ती कोंकणीत आजही देवचार म्हणजे सैतान. एकाच गावात, एकाच भाषेत, एका घराचा राखणदार शेजारच्या घरी सैतान आहे. वेताळ गोष्टीच्या पुस्तकात प्रेतात शिरणारे भूत आहे, पण वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तोच वेतोबा ग्रामदैवत आहे आणि त्याच्यापुढे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. ऋग्वेदात वरुणाला आणि इंद्रालाही असुर हे विशेषण आदराने लावले आहे. पुढे असुराचा राक्षस झाला. इराणात बरोबर उलटे घडले, अहुर हा थोर देव झाला आणि दैव हा दुष्ट.

कोल्हापूरला यासाठी लांब जायला नको. अंबाबाईने मारलेल्या कोल्हासुराचे नाव करवीराला मिळाले, असे माहात्म्य सांगते. मरताना त्याने तेवढेच मागून घेतले. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो त्या वधाची आठवण म्हणून, आणि जमलेली सगळी माणसे घरी परततात ती त्या असुराच्या नावाच्या शहरात.

इथे एक धोका सांगायला हवा. बआल, बाळ, बळी, बेल असे उच्चार एकापुढे एक ठेवले की नात्याच्या कल्पना सुचू लागतात. बळीराजा म्हणजेच बआल, असे ठणकावून सांगणारी माणसे भेटतात. तसा कोणताही पुरावा नाही. बळी हा शब्द संस्कृतातला, बआल सेमिटिक. आवाज जुळला म्हणून कूळ जुळत नाही. नाते नसूनही जे साम्य आहे ते मात्र खरोखर विलक्षण आहे. पुराणात पाताळात ढकललेल्या असुरराजाला मराठी शेतकऱ्याने सोडले नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्याच्याकडे न्यायाने पाहिले, आणि आज 'बळीराजा' या शब्दाचा मराठीतला रोजचा अर्थ शेतकरी हाच आहे. पोथीने ज्याला खाली घातले त्याचे नाव शेताने वर ठेवले.

बआलच्या बाबतीतही शेताने तेच केले. घरानेही केले. संदेष्ट्यांनी आणि लेखनिकांनी इतके करूनही हिब्रूत नवऱ्याला आजही बआलच म्हणतात. घरमालक म्हणजे बआल ह-बायित, शब्दाला शब्द ठेवून घरधनी. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश बोलीत नेटका संसार करणाऱ्या बाईला बालेबुस्ते म्हणत, ती आपली घरधनीण. अठराव्या शतकातल्या थोर ज्यू संताला बआल शेम तोव म्हणतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. कुराणात हा शब्द दोन्ही अर्थांनी आहे. अब्राहामाची बायको सारा आपल्या म्हाताऱ्या नवऱ्याचा उल्लेख याच शब्दाने करते, आणि एका ठिकाणी इलियास, म्हणजे आपला एलीयाच, लोकांना विचारतो की तुम्ही बअलला का पुकारता?

पाऊस तर त्या नावातून कधी गेलाच नाही. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्रात शेतीचे दोन प्रकार आहेत. पाटाच्या पाण्यावरचे शेत एक, आणि केवळ पावसावरचे ते 'बआलचे शेत'. पाऊस हा जमिनीचा नवरा आहे, असे तल्मूद या ज्यू ग्रंथातल्या एका गुरूने सांगून ठेवले आहे. इस्लामी कायद्यातही हा भेद आहे. बअल जमिनीच्या पिकावर दहावा हिस्सा जकात, आणि उंटाने पाणी ओढून भिजवलेल्या पिकावर विसावा, कारण तिथे शेतकऱ्याचे कष्ट जास्त. ज्या धर्मांनी बआल नावाच्या देवाला हद्दपार केले, त्यांच्याच कायद्यांत तो शेतीचा एक प्रकार म्हणून निमूटपणे राहिला. त्याचा द्वेष करणाऱ्यांनाही पावसाच्या जमिनीला दुसरे नाव सुचले नाही.

देवळे मात्र राहिली नाहीत. सीरियातल्या पाल्मिरा इथली बेल आणि बआलशामिन यांची मंदिरे जवळपास दोन हजार वर्षे उभी होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ती सुरुंग लावून उडवली गेली.

वारणेच्या खोऱ्यात जिथवर पाणी पोचले तिथवर ऊस आहे. तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरला साखर कारखाना उभारल्यावर कोडोलीच्या आसपासचे रान पालटत गेले. तरी पाणी न चढणारे माळाचे तुकडे उरतातच, आणि सातबाऱ्यावर त्यांच्यापुढे 'जिरायत' अशी नोंद असते. तो शब्दही मूळचा अरबी, शेती या अर्थाचा. पॅलेस्टाईनमधल्या शेतकऱ्यांकडे अशाच जमिनीला बअल म्हणतात. तिथल्या बाजारात पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर पिकलेली काकडी, टोमॅटो, टरबुजे आजही बअल म्हणूनच विकली जातात, आणि ती चवीला गोड असतात म्हणून गिऱ्हाईक ती मुद्दाम मागून घेते.